गार्डअप्पांच्या डब्यातली दुसरी फळी

मार्चच्या दुसऱ्या रविवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी धाराशिवातल्या आमच्या गल्लीतून माकणीला निघालेली वऱ्हाडाची बस बारा मिनिटे जागेवर उभी राहिली. इंजिन सुरू होते. ड्रायव्हर जागेवर होता. नवरदेव पहिल्या सीटवर घाम पुसत होता. बस सुटत नव्हती, कारण तिच्या मागे उभे असलेले सिद्रामप्पा बिराजदार हिरवा झेंडा दाखवत नव्हते.

"अप्पा, सगळे बसले की ओ," नवरदेवाचे वडील खिडकीतून म्हणाले.

"यादीत चव्वेचाळीस. माझ्यासकट त्रेचाळीस."

"एखादा राहिला तर राहिला. मागनं मोटरसायकलवर येईल."

"कोण राहिला ते सांगा, मग सोडतो."

ते कुणालाच सांगता येईना. चुलते मोजले, मामा मोजले, आत्या दोनदा मोजल्या. बाराव्या मिनिटाला कोपऱ्यावरच्या हॉटेलातून, मिशीवरचा चहा पुसत, लग्न लावणारे गुरुजी आले. अप्पांनी त्यांना वर चढवले. बसच्या मागच्या शिडीला 'एल व्ही' अशी दोन अक्षरे लिहिलेली पत्र्याची पाटी बांधलेली होती, ती एकदा ओढून पाहिली, आणि झेंडा हलवला. मग स्वतः चढून शेवटच्या बाकावर, मागच्या काचेकडे तोंड करून बसले.

गुरुजी बसमध्ये नाहीत, हे बाकीच्यांपैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते. मीही त्यांच्यातच होतो.

सिद्रामप्पा मूळचे मुरुमचे. रेल्वेत गार्ड होते. आधी कुर्डुवाडीहून येडशी, ढोकीवरून लातूरकडे जाणाऱ्या छोट्या लाईनवर, ती उखडल्यावर मोठ्या लाईनवर. मालगाडीच्या अगदी शेवटी गार्डाचा एक डबा असतो. त्यात एक बैठक, एक हातब्रेकचे चाक, एक पेटी आणि एक माणूस. अप्पांच्या नोकरीचा बहुतेक काळ तिथे गेला. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण गल्ली त्यांना गार्डअप्पाच म्हणते. मी समोरच्या घरात राहतो. एका दैनिकाच्या जिल्हा कचेरीत नोकरी केली, म्हणून अप्पा मला 'पेपरवाले' म्हणतात.

त्या पत्र्याच्या पाटीचा अर्थ त्यांनी मला पहिल्याच भेटीत समजावला. एल व्ही म्हणजे 'लास्ट व्हेइकल', ती गाडीच्या शेवटच्या डब्याला लावतात. गाडी स्टेशनातून जाताना स्टेशनमास्तर इंजिन बघत नाही, ती पाटी बघतो. पाटी दिसली तरच गाडी पूर्ण आली असे धरायचे. नाही दिसली तर डबे मध्येच कुठेतरी सुटून राहिले असतील, आणि मागून दुसरी गाडी सोडायची नाही.

"पुढचं आलं म्हणजे गाडी आली न्हाय," अप्पा म्हणतात. "शेवटचं आलं म्हणजे आली."

हा नियम त्यांनी रेल्वेपुरता ठेवलेला नाही. लग्नात ते शेवटच्या पंगतीला बसतात आणि वाढप्याला विचारतात, "शेवटचं दिसलं का?" शाळा सुटली की रस्त्याच्या कडेला उभे राहून शेवटचे पोर वळणाआड जाईपर्यंत बघतात. टमटममध्ये मागच्या, उलट्या तोंडाच्या बाकावरच बसतात. पुढची जागा रिकामी असली तरी. "पुढं काय येतंय ते ड्रायव्हर बघतोय. मागं काय राहिलं ते कोण बघायलंय?"

फोन ते कधीच आधी ठेवत नाहीत. समोरच्याने ठेवल्याची खात्री झाल्यावर ठेवतात. कुर्डुवाडीला त्यांचे जुने जोडीदार शेखभाई आहेत, तेही गार्ड होते आणि त्यांचीही हीच सवय आहे. एका दुपारी मी अप्पांकडे गेलो तेव्हा ते फोन कानाला लावून गप्प बसले होते. बोलणे पाऊण तासापूर्वीच संपले होते. शेवटी शेखभाईंच्या फोनची बॅटरी उतरली, तेव्हा अप्पांनी चहा घेतला.

हल्ली गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मॅनेजर बँकेत असतोय." काही मालगाड्यांना आता गार्डाचा डबाच नसतो, शेवटच्या वाघिणीला, म्हणजे मालडब्याला, एक यंत्र लावतात, हेही सांगितले. यावर ते म्हणाले, "यंत्र मोजत आसंल. बघतं का?"

अप्पांच्या माडीवर एका लांब फळीवर चौदा आगगाड्या आहेत, अशी गल्लीतल्या मुलांची समजूत आहे. प्रत्यक्षात तिथे एकही आगगाडी नाही. चौदा गार्डाचे डबे आहेत. इंजिन नाही, वाघीण नाही, रूळसुद्धा डब्यापुरताच. प्रत्येक डबा वीतभर लांब, एका फुटाला अर्धा इंच या मापाने केलेला. छप्पर तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे, दांड्या सायकलच्या आऱ्यांच्या. छोट्या लाईनच्या डब्याला दोन नव्हे, मधोमध एकच बफर, म्हणजे धक्का झेलणारी तबकडी, असे. त्या जागी अप्पांच्या पत्नीच्या, म्हणजे महानंदाकाकूंच्या, पोलक्याचे टिचबटण. काकूंची बरीचशी पोलकी आता टाचणीवर आहेत.

"इंजिन का नाही करत?" मी एकदा विचारले.

"इंजिन कुणीबी करतंय."

चौदांतले तेरा डबे एकाच डब्याचे आहेत. छोट्या लाईनवरचा सतरा नंबरचा. चौदावा परदेशी आहे. अप्पांच्या नातवाने मोबाईलवर अमेरिकेतल्या गार्डाच्या डब्याचे चित्र दाखवले होते. तिकडे त्याला कबूस म्हणतात. तांबडा रंग, आत शेगडी, झोपायला बाक, आणि छतावर चारी बाजूंनी खिडक्या असलेली छोटी खोली, म्हणजे गार्डाने वर बसून सगळी गाडी बघावी. अप्पांनी ते चित्र बराच वेळ पाहिले. "ह्यांनी गार्डाला माळवद दिलंय," ते म्हणाले, आणि दीड महिन्यात डबा केला. तांबडा रंग घराच्या दाराला लावून उरलेला. आत शेगडीशेजारी एक इवलासा माठही ठेवला. अमेरिकेच्या डब्यात माठ नसतो, असे नातू म्हणाला. "मग पाणी कुठलं पितेत?" एवढ्यावर तो विषय संपला.

महानंदाकाकू कबूस हातात घेऊन म्हणाल्या, "तिथल्या गार्डणीचं बरं हाय. स्वयंपाक डब्यातच."

"डब्यात बायको न्यायची परवानगी नसती," अप्पा म्हणाले. फार लवकर म्हणाले.

काकूंचे माहेर सीमेपलीकडे, बसवकल्याणकडचे. घरात लहानपणी फक्त कानडी. आज त्यांचे मराठी गल्लीत सर्वांत धारदार आहे, मात्र त्यात रेल्वे फार. भाजीचा गाडा दारात आडवा आला तर त्या म्हणतात, "लूपला लाग की बाबा, मेन लाईन आडवलीस." मध्येच कुणी बोलले तर, "थांब, तुला सिग्नल पडला न्हाय अजून." नवऱ्याच्या तोंडचे शब्द बायकोच्या तोंडी बसतात, असे मी धरून चाललो होतो. चौकशी केली नव्हती.

काकूंची उंची चार फूट आठ इंच आहे. आमच्याकडे खुर्चीवर बसल्या की पाय लोंबतात, म्हणून त्या मांडी घालून बसतात.

सोलापूरला छोट्या गाड्या करणाऱ्या हौशी लोकांचे एक प्रदर्शन एप्रिलअखेर भरणार होते. नातवाने सतरा नंबरच्या डब्याचे फोटो पाठवले. लग्नाची बस माकणीहून परत आली त्याच आठवड्यात उत्तर आले. अप्पांनी ते मला वाचायला दिले.

डबा उत्कृष्ट आहे, असे पत्रात होते. घ्यायची इच्छा आहे, मात्र दोन दुरुस्त्या कराव्यात. मूळ आराखड्यात गार्डाची बैठक एकच दाखवली आहे. डावीकडच्या खिडकीजवळची दुसरी काढावी. शिवाय ही दुसरी बैठक पहिलीपेक्षा खाली बसली आहे, तो जोडणीतला दोष दिसतो. आराखड्याविरुद्ध पुरावा असल्यास पाठवावा, अन्यथा डबा घेता येणार नाही.

"काढून टाका," मी म्हणालो. "चिमट्याचं काम आहे."

"काढणार न्हाय."

"मग पुरावा द्या."

"होती तिथं फळी. मी सांगायलो की."

"कशासाठी होती?"

"सामानासाठी."

"सामानाला पेटी असते ना?"

"अवांतर सामान," अप्पा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. आतल्या खोलीत काकू हसल्या.

माझ्या जुन्या कचेरीत असे उत्तर छापले नसते. मी माडीवर जाऊन पट्टीने मोजले. तेराही डब्यांत दुसरी फळी होती, आणि तेराही डब्यांत ती पहिल्या बैठकीपेक्षा सुमारे चार मिलिमीटर खाली होती. चूक तेरा वेळा इतकी सारखी होत नाही.

"प्रदर्शनाचं एवढं काय आहे, अप्पा?" मी खाली येऊन विचारले.

"पेपरवाले, ती लाईन उखडली. डबे भंगारात गेले. उद्या कुणी बघंल तर ह्योच डबा बघंल, आन् असाच होता म्हणंल. मग खोटा कसा दाखवू? आन् न्हाय दाखवला, तर होता हेच कुणाला कळणार न्हाय."

अगदी सगळे डबे भंगारात गेलेले नव्हते. सतरा नंबर ढोकीजवळच्या एका शेतात होता. लाईन उखडली तेव्हा लिलावात कुणीतरी घेतला, त्याच्याकडून लिंबराज जाधव नावाच्या शेतकऱ्याने घेतला आणि कडबा ठेवायला वापरला. अप्पा एकदा तिथे जाऊन आले होते, पण डबा छतापर्यंत कडब्याने भरलेला होता. बाहेरून नंबर बघून, लिंबराजना फोननंबर देऊन ते परतले होते.

पत्रानंतरच्या सोमवारी लिंबराज यांचा फोन आला. "अप्पा, तिथं गोठा बांधायचाय. गुरुवारी गॅसकटरवाला येणाराय. बघायचा आसंल तर बुधवारपतोर या."

बुधवारी सकाळी आठ वाजता टमटम ठरवली. मी फोटो काढायचे आणि माप घ्यायचे, असे ठरले होते. काकू डोक्यावर पदर घेऊन आधीच टमटममध्ये बसल्या होत्या.

"तुझं काय काम तिथं?" अप्पा म्हणाले.

"तुमचं काय काम हाय?"

"मला पुरावा बघायचाय."

"मलाबी," काकू म्हणाल्या.

लिंबराज यांनी बांधावरच स्वागत केले. पन्नाशीचा, हसरा माणूस. डबा बाभळीखाली उभा होता. चाके नव्हती, लाकडी भिंतींचा रंग गेला होता, सतराचा एक आकडा अजून वाचता येत होता. आत मागच्या सालचा कडबा ठासून भरलेला.

"बघा की निवांत," लिंबराज म्हणाले. "फकस्त कडबा काढावा लागंल. मला उद्याच्या आत काढायचाच होता. माणसं मिळंनात."

अशा रीतीने धाराशिवहून स्वखर्चाने आलेल्या दोन माणसांनी लिंबराज यांचा कडबा बाहेर काढला. लिंबराजही होते. ते बहुतेक वेळ फोनवर बोलत होते. अप्पा प्रत्येक पेंढी मोजत होते. दोन तास दहा मिनिटे लागली. एकशे बासष्टावी पेंढी मी ओढली तेव्हा अप्पांनी विचारले, "शेवटची का?" मी आत वाकून पाहिले. कडबा संपला होता. कोपऱ्यात एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती, आणि तिच्या डोक्यावर, डावीकडच्या खिडकीजवळ, दोन लोखंडी बिजागऱ्यांवर एक फळी होती.

गार्डाची मूळ बैठक कधीच कुणी काढून नेली होती, पण भिंतीवर तिच्या खुणा होत्या. मी टेप लावली. मूळ बैठक जमिनीपासून अठरा इंचांवर. दुसरी फळी साडेचौदा इंचांवर. फरक साडेतीन इंच. अप्पांच्या मापात तो सुमारे चार मिलिमीटर होतो.

"बरोबर निघालं," मी म्हणालो.

"मी सांगितलंच होतं," अप्पा म्हणाले. त्यांच्या कपाळावर कडब्याचा भुसा होता.

लिंबराज यांनी फळीवरून हात फिरवला. "पण गार्ड तर एकलाच असतोय की. ही कशाला?"

"सामानाला."

"सामानाला एवढी गुळगुळीत?"

अप्पा खिडकीतून बाहेर बघू लागले. बाहेर फक्त बाभळ होती.

तेवढ्यात काकू डब्यात चढल्या. डब्याला चाके नसली तरी पायरी उंचच होती. त्यांनी ती पाहिलीही नाही. उजवा पाय पायरीवर, डावा हात बाजूच्या दांडीवर, आणि एका हिसक्यात आत. कोंबडीला पायाने हलकेच बाजूला सारले आणि फळीवर बसल्या. मांडी घातली नाही.

"सामान मीच," त्या म्हणाल्या.

लिंबराज यांनी फोन खिशात ठेवला.

पुढची माहिती काकूंनी दिली. अप्पांनी ती नाकारली नाही.

लग्न झाले तेव्हा अप्पांना कुर्डुवाडीला क्वार्टर होते. काकूंना मराठीचा एक शब्द येत नव्हता. अप्पा मालगाडीवर गेले की दुसऱ्या दिवशी परतत. काकू दार लावून बसत. शेजारीण मीठ मागायला आली तर काय मागते ते कळत नसे, म्हणून दार उघडत नसत. आठव्या दिवशी अप्पांनी घरी येऊन पाहिले, तर सगळ्या घरात दिवे लावून त्या कोपऱ्यात बसल्या होत्या. नवव्या दिवशी गाडी सुटायच्या आधी, यार्डाच्या पलीकडच्या टोकाला, अप्पांनी त्यांना डब्यात घेतले.

"पहिल्या दिशी ह्यांच्या पेटीवर बसले. पेटीत फटाके असतेत, धोक्याला रुळावर लावायचे. ह्ये सारखं पेटीकडंच बघायले. मला वाटलं माझ्याकडं बघायलेत."

लिंबराज हसले. अप्पांनीही मान खाली घातली, पण हसू दिसले.

"मग ही फळी ठोकली. एक पावसाळा आन् एक हिवाळा मी हितं बसून फिरले. माझं मराठी ह्याच डब्यात झालं. पण कसं, आमी बसलेलो मागं तोंड करून. झाड दिसायचं ते गेल्यावर. मग ह्ये म्हणायचे, 'लिंब'. तंवर लिंब गेलेलं आसायचं. ढोकीपतोर शंभर शब्द झाले. अजूनबी मला सगळं गेल्यावरच कळतं."

"आन् स्टेशनात कुणी बघितलं न्हाय का?" लिंबराज यांनी विचारले.

"स्टेशन आलं की ह्ये म्हणायचे, 'वाक'. माझा मराठीतला पयला शब्द, वाक."

"नियमात न्हाय ते," अप्पा हळूच म्हणाले. "गार्डाच्या डब्यात दुसरं माणूस न्यायचं न्हाय. मी सगळ्यांना तसंच सांगत आलोय."

"म्हणून मी सामान," काकू म्हणाल्या.

मी फोटो काढले. काकूंना फळीवरून उठायला सांगितले, कारण पुरावा फळीचा हवा होता. त्या उठल्या नाहीत. तसाच काढला.

लिंबराज यांनी स्वतः पाना आणून बिजागऱ्या सोडवल्या आणि फळी अप्पांच्या हातात दिली. "लाकूड माझ्या काय कामाचं? कोंबडी तेवढी ठेवतो." परत निघताना अप्पांनी टमटमच्या मागे एल व्हीची पाटी बांधली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. अप्पा आणि काकू मागच्या उलट्या बाकावर, मांडीवर फळी आडवी धरून. येडशीपर्यंत अप्पा मधून मधून एकेक शब्द म्हणत होते आणि काकू तो परत म्हणत होत्या. टमटमच्या आवाजात शब्द कोणते ते मला ऐकू आले नाहीत.

संध्याकाळी अप्पा सोलापूरला पाठवायचा कागद घेऊन माझ्याकडे आले.

"पेपरवाले, इतक्या वर्षांनी कारवाई होती का हो?"

"कोण करणार?"

"आमचे मोठे साहेब लई कडक."

"ते वारले. तुम्हीच सांगितलं होतं."

अप्पांनी खात्री करून घेतल्यासारखी मान हलवली. मग माझ्याच टेबलावर, गार्डाच्या ठळक अक्षरात, कागद भरला. तो पाठवण्याआधी मी वाचला.

'दुसरी बैठक होती. फोटो सोबत. बैठक गार्डाने स्वतः बसवली. नियमबाह्य. गार्डाच्या पत्नीसाठी. जोडणीत दोष नाही. उंची प्रवाशाप्रमाणे.'

गुरुवारी दुपारी दोनच्या सुमारास सतरा नंबरचा डबा कापून झाला. लिंबराज यांनी फोनवर दुजोरा दिला. अप्पांनी बातमी ऐकून घेतली आणि लिंबराजनी फोन ठेवेपर्यंत थांबले.

प्रदर्शनाने डबा घेतला. तीन दिवस तो काचेत होता. खाली कार्डावर अप्पांचा मजकूर होता तसा छापला होता, 'नियमबाह्य'सह. अप्पा तिन्ही दिवस सोलापूरला गेले आणि दरवाजा बंद होईपर्यंत थांबले.

फळी आता त्यांच्या घराच्या ओसरीत, डाव्या खांबाशेजारी, त्याच बिजागऱ्यांवर बसवलेली आहे. सकाळी काकू तिच्यावर बसून ज्वारी निवडतात. काल मी टेप लावून पाहिले. जमिनीपासून उंची साडेचौदा इंच. काकूंचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले होते.